एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम

तेलाच्या पाकिटावर दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरात 1 लिटर, आणि शेजारी बारीक अक्षरात 910 ग्रॅम. फोडणी घालताना दुसऱ्या आकड्याशी आपलं काही काम नसतं. साबण करताना मात्र पहिला आकडा विसरायचा आणि दुसराच धरायचा. घरी साबण करायला बसणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते, कारण माझी पहिली खेप तिथंच बिघडली.

कॉस्टिक सोडा आणि तेल एकत्र आले की दोन्ही संपतात आणि त्यांच्या जागी साबण व ग्लिसरीन तयार होतं. कुठल्या तेलाला किती कॉस्टिक लागतं हे ठरलेलं आहे, आणि ते वजनावर ठरलेलं आहे. 1 ग्रॅम खोबरेलाला 0.183 ग्रॅम, पामतेलाला 0.142, शेंगतेलाला 0.136, एरंडेलाला 0.128. आमच्या घरच्या साबणात एकूण 1000 ग्रॅम तेल असतं: खोबरेल 350, पाम 350, शेंगतेल 250 आणि एरंडेल 50. हिशेब केला तर याला 154 ग्रॅम कॉस्टिक लागतं. पण पुरतं तेवढं घालायचं नसतं. पाच टक्के कमी करून 146 ग्रॅम घालायचं. मग थोडं तेल साबण न होता तसंच राहतं, अंग कोरडं पडत नाही, आणि वजनात उन्नीस-बीस झालंच तर तेही सांभाळलं जातं. पाणी कॉस्टिकच्या दुपटीनं, म्हणजे 300 ग्रॅमच्या आतबाहेर.

हेच तेलाचे आकडे मी सुरुवातीला मिलिलिटर धरून मापाच्या जगनं ओतले होते. तेल प्रत्यक्षात 910 ग्रॅमच्या आसपासच भरलं. त्याला 140 ग्रॅमच्या वर कॉस्टिक पचणार नव्हतं आणि भांड्यात 146 गेलं होतं. जास्तीचं सहा ग्रॅम म्हणजे जेमतेम चमचाभर. पण वडी कापताना तिचे तुकडे पडले, आणि महिनाभर वाळवूनही हाताला लावली की चुरचुरायची. "ठेव, जुना झाला की मऊ पडंल," असं ज्याला विचारावं तो सांगत होता. वाळवण्यानं पाणी उडून जातं, आत मोकळं राहिलेलं कॉस्टिक तसं उडून जात नाही. शेवटी सगळ्या वड्या हातमोजे घालून किसल्या, थोडं पाणी घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवल्या आणि कमी पडलेलं 90 ग्रॅम तेल त्यात जिरवलं. दिसायला ओबडधोबड झाला, पण अंगाला लावण्याजोगा झाला. हिशेब कुठं चुकला ते कळलं असेल तर बिघडलेला साबण असा सुधारता येतो. कळलंच नसेल तर तो फरशी पुसायलाही द्यायला भीती वाटते.

तेव्हापासून घरात 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आहे. अजून एक गोष्ट त्या काट्यानंच दाखवली. "आधी थोडासा करून बघू" म्हणून 200 ग्रॅम तेलाची खेप करावीशी वाटते, आणि तीच जास्त धोक्याची. तिला कॉस्टिक लागतं 29 ग्रॅम. तिथं काटा एका ग्रॅमनं चुकला तर तीन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. 1000 ग्रॅमच्या खेपेत तोच एक ग्रॅम कुठं गेला ते कळतही नाही. म्हणून शिकताना निदान अर्धा किलो तेल घ्यावं.

साबण बरा झाला की नाही हे बघायला मी आधी हळदीचा कागद केला होता. शाळेत केलेला प्रयोग: हळदीचं पाणी कागदावर वाळवायचं, क्षार लागला की तो लाल होतो. कुंकू हळदीला चुना लावूनच करत आलेत, त्याच्यामागंही हेच आहे. पण पीएच म्हणजे आम्ल-क्षार मोजायचा आकडा, जितका मोठा तितका क्षार जास्त. हळद साडेआठ पीएचच्या आसपासच लाल व्हायला लागते, आणि चांगल्यातला चांगला साबणही नऊ-दहावर असतो. म्हणजे हळदीचा कागद बऱ्या साबणालाही लाल आणि बिघडलेल्यालाही लाल. त्याच्या भरवशावर मी चांगल्या वड्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मग गल्लीतल्या हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी फिनॉल्फ्थेलिन दिलं. ओल्या वडीवर एक थेंब टाकायचा. फिकट गुलाबी आला तर ठीक. गडद, भडक गुलाबी झाला तर वडी बाजूला. पीएचच्या पट्ट्याही चालतात, बारा-तेराकडं रंग गेला की समजायचं. जिभेला लावून बघणारे लोक आहेत. मी कुणालाही ते करू देत नाही.

कॉस्टिक कालवायची जागा म्हणजे आमच्या मागचं परडं. पहिल्यांदा केलं तेव्हा आत्ती जर्मनचं पातेलं घेऊन आल्या. "हलकं हाय ग, ह्यात कर." सासूबाईंचं बरोबर होतं, आमच्याकडं लग्नकार्याचं सगळं जर्मनच्या भांड्यांतच शिजतं. पण जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि कॉस्टिक त्याला खातं. भांडं काळं पडतं, फेस येतो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, जो पेट घेतो. चूल शेजारी असली तर काय होईल ते सांगायला नको. स्टील चालतं, जाड पॉलिप्रॉपिलिनचा डबा चालतो. लाकडी रवीही नको. पहिल्या पहिल्यांदा मी ताकाची रवीच वापरली, आणि काही खेपांतच तिच्या पाकळ्या पिंजून साबणात कुसं उतरायला लागली.

आणि हे जरा थांबून वाचा. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. थोडं थोडं टाकत ढवळायचं. पाणी बघता बघता 80-90 अंशांपर्यंत तापतं आणि त्याची वाफ घशाला लागते. वरून पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, पायात बूट, आणि नळाची बादली भरून शेजारी. अंगावर उडालंच तर व्हिनेगर किंवा लिंबू शोधत बसायचं नाही, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठायचा. नातवंडं घरात असतात तेव्हा मी कॉस्टिकचा डबा उघडतच नाही. तो डबा कुलपात असतो, आणि त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडून "विष" लिहिलेलं आहे, कारण आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

मोरी साफ करायच्या पुड्या कॉस्टिकच्या नावानं मिळतात, त्या घेऊ नयेत. त्यांत काय काय मिसळलेलं असतं ते पुडीवर असेलच असं नाही. केमिकलच्या दुकानात कॉस्टिकचे फ्लेक्स, म्हणजे पांढऱ्या चकत्या, मागायचे आणि शुद्धतेचा आकडा बघायचा.

आता हवेचं. साबणाच्या कृती बहुतेक कोरड्या, थंड मुलखातल्या असतात. त्या तशाच्या तशा आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला लागू पडत नाहीत, हे समजायला मला सगळे ऋतू बघावे लागले.

थंडीत आमच्याकडं पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. खोबरेल 24 अंशांनाच थिजतं. डिसेंबरातल्या एका सकाळी तेलं वितळवून मी बाहेर आणली आणि निवू दिली, कारण कृतीत "खोलीच्या तापमानाला येऊ द्या" असं होतं. कॉस्टिकचं पाणी ओतून ब्लेंडर फिरवला आणि पाच मिनिटांत मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, वर ओघळाची रेघ उमटायला लागली. यालाच ट्रेस म्हणतात. तो आला की साबण जमायला लागला असं धरून साच्यात ओततात. मीही ओतला. दुसऱ्या दिवशी लादी कापली तर आत पाण्याचे खिसे, आणि ते पाणी म्हणजे निव्वळ कॉस्टिक. मिश्रण साबण होऊन दाट झालंच नव्हतं. तेल थिजत होतं, म्हणून ते दाट दिसत होतं. साच्यात ते थिजलं आणि कॉस्टिकचं पाणी वेगळं पडलं. आता थंडीत मी तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही 40 ते 45 अंशांवर धरते. थर्मामीटर स्वयंपाकघरातला साधा चालतो. आणि ट्रेस लवकर आला तर खूश न होता पातेलं कोमट पाण्यात धरून बघते. परत पातळ झालं तर तो खोटा.

उन्हाळ्यात उलटं. संकेश्वराकडच्या पाहुण्यांनी गुऱ्हाळावरची काकवी दिली होती. साखरेनं साबणाला फेस चांगला येतो हे खरं आहे, म्हणून 1000 ग्रॅम तेलाला दोन मोठे चमचे काकवी घातली आणि हिवाळ्यातल्या सवयीनं साचा चादरीत गुंडाळून ठेवला. गोडानं मिश्रण तापतं, एप्रिलची हवा आधीच तापलेली, वर चादर. अर्ध्या तासात मधोमध भेग पडली आणि साबण फुगून साच्याबाहेर आला. काकवी, मध, गूळ, दूध यांतलं काहीही घातलं तर साचा उघडा ठेवायचा, शक्य असेल तर पंख्याखाली. प्रमाण एक चमचा पुरे. काकवीचा साबण गडद तपकिरी होतो, तो रंग मला तर आवडतो.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते पावसानं. मिरगाचा पाऊस सुरू झाला की कणकुंबीपासून आमच्यापर्यंत सगळं ओलं. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा धुण्याचा सोडा होतो. झाकण नीट न लावलेल्या डब्यातले फ्लेक्स जुलैत गोळा होऊन बसले होते. तेच मोजून घातले. काट्यावर 146 ग्रॅम बरोबर आले, पण त्यातलं कॉस्टिक किती आणि पाणी न सोडा किती, हे काटा सांगत नाही. तो साबण तेलकट राहिला, बोट रुतायचं. आता मी पावसाआधी थोडं थोडं कॉस्टिक घेते, घट्ट फिरकीच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवते, आणि गोळे झालेलं कॉस्टिक साबणाला वापरत नाही.

तयार साबणालाही पाऊस सोडत नाही. घरच्या साबणातलं ग्लिसरीन आतच असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि वडीवर घामासारखे थेंब येतात. घाबरून मी त्या वड्या पुसत होते, उन्हाची तिरीप आली की बाहेर मांडत होते. थेंब म्हणजे साबण बिघडला असं नाही. वारं लागेल अशा जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवल्या की बास. आमच्या वड्या माळ्यावर वेताच्या बुट्टीत असतात, बुट्टीत खाली सुती कापड. लोखंडी जाळीवर ठेवायच्या नाहीत, त्याचं कारण पुढच्या गोष्टीत आहे.

माझं माहेर अथणी तालुक्यातलं. तिकडं जमीन काळी, पाऊस कमी, आणि रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई. लाकडी घाण्यावरचं करडईचं तेल आम्ही लहानपणापासून खाल्लं. त्याचाच साबण करावा हे मला फार मनापासून वाटत होतं. माहेरच्या शेतातलं तेल, माझ्या हातचा साबण, आणि भावजयांना दिवाळीला द्यायचा. निम्मं तेल करडईचं घेतलं. वड्या मऊ झाल्या, पण वास छान, रंग लोण्यासारखा. माहेरी दिल्या. उन्हाळा येईपर्यंत सगळ्यांच्या वड्यांवर केशरी ठिपके आले आणि त्यांना खवट वास सुटला. वहिनी बोलल्या काही नाहीत, पण साबण न्हाणीतून गोठ्यात गेला होता.

करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं. खायला ते चांगलं मानतात, साबणात तेच हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून खवटतं. सूर्यफुलाचंही बरंचसं तसंच. लोखंड, तांबं असे धातू त्या खवटण्याला जोर देतात, म्हणून लोखंडी जाळी नको. दोष तेलाचा नव्हता, करडई करडईसारखीच वागली. प्रमाण चुकलं होतं. आता शंभरात दहाच्या वर मी करडई घेत नाही, आणि तेही ताजं असेल तर. त्याच कारणानं जुनं, वापरलेलं तळणाचं तेल साबणात घालू नये. पैसे वाचतात असं वाटतं, पण ते आधीच अर्धं खवटलेलं असतं. कपडे धुवायला दोन महिन्यांत संपणार असेल तर ठीक.

माहेरच्या साबणाचं दुसरं दुखणं पाण्याचं होतं. खानापूरच्या विहिरीच्या पाण्यात माझ्या साबणाला जो फेस यायचा, तो तिकडं बोअरच्या पाण्यात येईना. बादलीवर पांढरा चिकट थर, केस राठ. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतं, त्यात साबण वाया जातो. एक उपाय म्हणजे खोबरेल वाढवणं, कारण खोबरेलाचा साबण जड पाण्यातही फेसाळतो. पण नुसत्या खोबरेलाचा साबण अंग कोरडं करतो, म्हणून त्यात पाच टक्क्यांऐवजी वीस टक्के तेल शिल्लक ठेवावं लागतं. दुसरा उपाय लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते जड पाण्यातला क्षार धरून ठेवतं आणि खवटपणालाही थोडा आळा घालतं. इथं मी पुन्हा हिशेब विसरले होते. आम्ल आहे ते, कॉस्टिक खाणारच. 10 ग्रॅम लिंबूसत्त्व सुमारे 6 ग्रॅम कॉस्टिक संपवतं. तेवढं कॉस्टिक वरून घातलं नाही तर साबण मऊ आणि चिकट होतो. साबण करतानाचं पाणी मात्र दोन्ही गावी मी डिस्टिल्डच घेते. बाटलीवर डिस्टिल्ड वॉटर असंच लिहिलेलं बघून घ्यायचं, बॅटरीचं ॲसिडही तशाच बाटलीत मिळतं.

वासाचं थोडक्यात. लवंगेच्या तेलानं मिश्रण पातेल्यातच दगड होतं, साच्यापर्यंत पोचत नाही. उदबत्तीसाठीचं सेंट स्वस्त मिळतं, पण ते जाळायला केलेलं असतं, अंगाला लावायला नव्हे. हळद घातली तर मिश्रण आधी विटकरी लाल होतं, मग दिवसांनी पिवळट-केशरी, आणि उजेडात ठेवलं तर तेही उडतं. बेसन, मुलतानी माती चमचाभरच. शिकेकाईची भरड टोचते, वस्त्रगाळ करूनच घ्यावी. आत्तींना आता बिनवासाचा साबणच आवडतो.

आमच्या महिला संघातल्या बायका विचारतात, विकूया का? विचार चांगला आहे आणि त्यांना पैशाची गरज आहे, म्हणून मी त्याची चौकशी केली. अंगाला लावायचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात मोडतो. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 2020 चे नियम त्याला लागू होतात, म्हणजे विकण्यासाठी करायचा तर राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा परवाना हवा. परड्यात पातेलं मांडून तो मिळत नाही. चारसहा जणी मिळून जागा घेणार असतील तर मी त्यांच्याबरोबर आहे. तोपर्यंत प्रत्येकीनं आपल्या घरापुरता करावा, आणि नात्यागोत्यात देताना कधी ओतला ती तारीख कागदावर लिहून द्यावी.

तारखेवरून दिवाळीचं सांगते. साबण चार ते सहा आठवडे वाळला पाहिजे, नाहीतर न्हाणीत तो दोन आंघोळीत विरघळतो. नवरात्रात सुट्टी असते म्हणून बायका घटस्थापनेला करायला घेतात. घटस्थापनेपासून नरकचतुर्दशी जेमतेम चार आठवड्यांवर, आणि त्या काळात आमच्याकडं हवा अजून ओलीच असते. अभ्यंगस्नानाला वडी कोवळी राहते. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले की लगेच ओतला तर सहा आठवड्यांच्या वर मिळतात. यंदा मी त्याच सुमाराला नेहमीच्या प्रमाणाचा मोठा साचा ओतणार आहे, काकवीचा छोटा साचा वेगळा, आणि माहेरसाठी खोबरेल वाढवून, लिंबूसत्त्वाचा हिशेब धरून एक. त्यात शंभरात दहा करडई आहे. तेल वहिनीच पाठवणार आहेत.